थरथरत्या यंत्रावरच्या टचस्क्रीनबद्दल पुणे परिसरातील यंत्रनिर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
भोसरी, चाकण, तळेगाव आणि रांजणगाव परिसरातील यंत्रनिर्माते, कंट्रोल पॅनल बनवणारे उद्योजक आणि ही यंत्रे विकत घेणाऱ्या कारखान्यांचे खरेदी विभाग यांस

सप्रेम नमस्कार.

आपल्या परिसरात तयार होणाऱ्या नव्या यंत्रांवर पुशबटणांच्या रांगेची जागा आता बहुतेक ठिकाणी टचस्क्रीनने घेतली आहे, आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. वायरिंग कमी होते, रेसिपी साठवता येतात, अलार्म मराठीत दाखवता येतो आणि एखादे बटण वाढवायचे असेल तर पत्र्याला नवे भोक पाडावे लागत नाही. तक्रार आहे ती या स्क्रीन ज्या अवस्थेत तपासून घेतल्या जातात त्या अवस्थेबद्दल. यंत्र बंद, हात कोरडे, आजूबाजूला दोन्ही बाजूंचे साहेब उभे आणि स्क्रीनवरचे प्रत्येक बटण एकेकदा दाबून पाहिले की पीडीआयच्या, म्हणजे यंत्र पाठवण्यापूर्वीच्या तपासणीच्या, कागदावर सही होते. पुढची दहा-पंधरा वर्षे मात्र तीच स्क्रीन हादरणाऱ्या पॅनलवर, तेलकट हातमोजा घातलेल्या आणि घाईत असलेल्या माणसाकडून वापरली जाणार असते. भोसरीत कंट्रोल पॅनल आणि पीएलसी (यंत्र चालवणारा औद्योगिक संगणक) प्रोग्रामिंगची कामे करताना मला जे दिसत आले आहे त्यावरून दोन गोष्टींची मागणी मी करतो आहे. यंत्र पूर्ण वेगात चालू असताना स्क्रीनवरचा दाब नीट ओळखला जातो की नाही याची चाचणी खरेदीच्या अटींत लेखी असावी. आणि ज्या बटणावर कोणाच्या हातापायाची सुरक्षितता अवलंबून आहे ते बटण स्क्रीनवर असूच नये.

आधी कंपनाचे स्वरूप पाहू, कारण ‘यंत्र हलते म्हणून टच नीट चालत नाही’ एवढ्यावर विषय सोडून दिला की उपायही चुकीचे सुचतात. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४; फिरत्या भागाचा तोल थोडा जरी बिघडलेला असला तरी पॅनलला याच वेगाने धक्के बसतात आणि एका कंपनाचा काळ सुमारे ४२ मिलिसेकंद भरतो. या वारंवारतेला पॅनलवर १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाएवढे, मोठे कंपन असले तरी काच मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना जेमतेम ०.४३ मिलिमीटर सरकते. डोळ्यांना ती फक्त थरथर वाटते. परंतु हलक्या हाताने बटण दाबताना बोटाची गादीही मिलिमीटरभरच दबलेली असते, त्यामुळे काच मागे गेली की दाब जवळपास नाहीसा होतो आणि पुढे आली की दुप्पट होतो. ऑपरेटरने एकदा दाबून धरलेले बटण स्क्रीनच्या दृष्टीने सेकंदाला २४ वेळा दाबले आणि सोडले गेलेले असू शकते.

कमी वारंवारतेचा प्रकार निराळा आहे. ५ हर्ट्झला कंपन केवळ ०.२ जी असले तरी पॅनल दोन्ही बाजूंना सुमारे २ मिलिमीटर झुलते, आणि माणसाचा हात त्याच्याबरोबर झुलत नाही. ऑपरेटर स्वतः हलत्या प्लॅटफॉर्मवर किंवा सीटवर असेल तर आणखी पंचाईत, कारण उभ्या दिशेच्या कंपनांना माणसाचे शरीर सर्वांत जास्त संवेदनशील असते ते ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यातच. येथे दाब तुटत नाही, नेम चुकतो: बोट शेजारच्या बटणावर पडते, किंवा बटणावर पडून बाहेर घसरते आणि स्क्रीन त्याला पान सरकवण्याची खूण समजते. पहिल्या प्रकारात वेळेचा हिशेब सुधारावा लागतो, दुसऱ्यात बटणाचा आकार आणि हाताचा आधार. बटणे मोठी करून दुहेरी दाब थांबत नाही आणि सॉफ्टवेअरमधले फिल्टर वाढवून चुकलेला नेम सुधारत नाही, तरी या दोन्हींची अदलाबदल करण्यात बरेच दिवस वाया घालवलेले मी पाहिले आहेत.

दुहेरी दाबाचे एक उदाहरण देतो. एका कारखान्यात प्रेसला पत्रा पुरवणाऱ्या सर्व्हो फीडरची फीड लांबी स्क्रीनवरच्या अधिक-उणे बटणांनी ०.१ मिलिमीटरच्या टप्प्यांत बदलायची सोय होती. प्रेस बंद असताना सगळे सुरळीत चालत असे. प्रेस चालू असताना सेटरने (यंत्र जुळवून देणाऱ्या कामगाराने) अधिकचे बटण एकदा दाबले की आकडा कधी एका टप्प्याने तर कधी दोन टप्प्यांनी पुढे जाई, मग तो उणे दाबी, तेही कधी दोनदा नोंदले जाई. पत्र्याची पिच, म्हणजे दर ठोक्याला पुढे सरकण्याचे अंतर, चुकली की पत्रा नेमक्या जागी आणणारे पायलट पंच भोकात न जाता काठावर आपटतात, आणि डायच्या दुरुस्तीचा खर्च त्या स्क्रीनच्या किमतीपेक्षा जास्त होतो. तेथे दोष सेटरवर टाकला गेला होता. ‘हात जड आहे’ असा शेरा होता.

यामागचे कारण साधे आहे. यांत्रिक पुशबटणाचे संपर्क मिटताना थोडे उसळतात, म्हणून प्रोग्राममध्ये ५ ते २० मिलिसेकंदांचा डीबाउन्स, म्हणजे ही उसळी दुर्लक्षित करण्याचा काळ, ठेवण्याची पद्धत रूढ आहे, आणि तोच आकडा पुष्कळदा जसाच्या तसा टचस्क्रीनलाही लावला जातो. पण ४२ मिलिसेकंदांच्या कंपनात दाब तुटण्याचा काळ २० मिलिसेकंदांच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे जो फिल्टर उसळी झाकायला ठेवला आहे तो नेमका कमी पडतो. बोट खरोखर उचलले गेले असे मानण्यापूर्वी कंपनाचे निदान एक, शक्यतो दोन पूर्ण आवर्तनांचा काळ जाऊ द्यावा, म्हणजे २४ हर्ट्झसाठी ८० ते १०० मिलिसेकंद. यात ऑपरेटरचे काही नुकसान नाही; चपळातला चपळ माणूसही एका बोटाने सेकंदाला साधारण सहा-सात वेळांपेक्षा जास्त टकटक करू शकत नाही आणि फीड लांबी बदलताना तर कोणी तेवढ्या वेगाने बटण दाबतही नाही. दाब ओळखण्याची पातळी आणि सुटला असे मानण्याची पातळी वेगवेगळी ठेवली, म्हणजे दाब नोंदायला जास्त जोर लागेल पण तो टिकून राहायला कमी पुरेल असे केले, तर उरलेली बरीचशी चलबिचल तेथेच शमते.

याला जोडून एक सूचना आहे, जी फुकट आहे आणि तरी फारशी पाळली जात नाही. कृती करायला ८०–१०० मिलिसेकंद लागत असतील तर लागू द्यावेत, पण बटणाचा रंग बोट टेकताक्षणी बदलला पाहिजे. रंग बदलला नाही की माणसाला वाटते दाब लागला नाही, तो पुन्हा दाबतो, आणि आता दोन्ही दाब खरे असल्यामुळे कोणताही फिल्टर ते अडवू शकत नाही.

स्क्रीनच्या जातीबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे, कारण चौकशीच्या पत्रांत ‘१० इंची, रंगीत, आयपी ६५ (धूळ-पाणी रोखण्याची श्रेणी)’ एवढाच तपशील असतो आणि काचेमागे कोणते तंत्र आहे याचा उल्लेखही नसतो. रेझिस्टिव्ह स्क्रीनमध्ये दोन वाहक थर बारीक ठिपक्यांनी एकमेकांपासून दूर ठेवलेले असतात आणि दाबल्यावर ते टेकतात. हातमोजा, तेल, स्क्रू ड्रायव्हरची मूठ, तिला काहीही चालते. दाब अर्धवट असताना मात्र संपर्काचा रोध भरकटतो आणि त्या क्षणी मोजलेली जागा खरी जागा नसते. कंपनात असे क्षण वारंवार येतात. म्हणून बोट टेकतानाचे आणि उचलतानाचे पहिले-शेवटचे नमुने टाकून द्यावे लागतात आणि मधल्या नमुन्यांचा मध्यक घ्यावा लागतो. शिवाय या स्क्रीनचा वरचा थर प्लॅस्टिकचा असतो. जुन्या यंत्रावर ‘सायकल स्टार्ट’च्या चौकोनापुरता तो घासून पांढुरका झालेला दिसतो आणि त्याच जागी दाब सर्वांत जास्त हुकतो. रोज लागणारे बटण स्क्रीनबाहेर खऱ्या पुशबटणाच्या रूपात ठेवले असते तर ही वेळ आली नसती.

मोबाइलमुळे सगळ्यांना आवडू लागलेली कपॅसिटिव्ह स्क्रीन दाब मोजतच नाही; बोट जवळ आल्याने विद्युतधारितेत पडणारा पिकोफॅरडच्या अंशाएवढा फरक ती मोजते. काच आणि मागचा डिस्प्ले यांच्यात हवेची फट असेल तर कंपनाने ती फट कमी-जास्त होते आणि कोणी हात न लावता तसलाच फरक तयार होतो. ही फट पारदर्शक चिकट पदार्थाने भरून घेतलेली, म्हणजे ऑप्टिकल बाँडिंग केलेली स्क्रीन महाग पडते, पण थरथरत्या जागी तिचा आग्रह धरणे रास्त आहे. काचेवरच्या कूलंटच्या थेंबांचा आणि शेजारच्या व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) स्विचिंगमुळे होणाऱ्या विद्युत गोंगाटाचा त्रास वेगळाच. यातली एक खोच देखभाल विभागांनी लक्षात ठेवावी अशी आहे. पॅनलच्या दरवाजाला जोडलेली अर्थिंगची वेणी कंपनाने सैल झाली की यंत्र चालू असतानाच तिचा संपर्क तुटतो-जुळतो आणि स्क्रीनवर भुताटकी झाल्यासारखी बटणे आपोआप दाबली जातात. यंत्र बंद केले की सारे ठीक. अशा वेळी स्क्रीन बदलली जाते, नवीही तशीच वागते, मग ड्राइव्हवर संशय जातो. वेणीच्या नटाला आधी पाना लावून पाहावा.

काचेखाली फोर्स सेन्सर बसवून खरा दाबच मोजावा हा विचार चांगला आहे, परंतु त्यातही एक फसगत दडलेली आहे. २०० ग्रॅमची काच १ जी कंपनात हलते तेव्हा तिच्या स्वतःच्या जडत्वामुळे सेन्सरवर जवळपास २ न्यूटनचा भार पडतो आणि उठतो. बोटाचा नेहमीचा दाब याहून बहुधा कमीच असतो! म्हणून नुसती फोर्सची पातळी पाहणारी यंत्रणा थरथरीलाच दाब समजेल. काचेच्या चौकटीवर छोटा अ‍ॅक्सेलरोमीटर (कंपनाचा प्रवेग मोजणारा सेन्सर) बसवून काचेच्या वस्तुमानाचा हिस्सा वजा करता येतो. त्याहून सोपे म्हणजे पूर्ण आवर्तनाची सरासरी घेणे, कारण कंपनाचा भार एका आवर्तनात वर-खाली होऊन शून्यावर येतो आणि बोटाचा भार मात्र एकाच दिशेचा असल्याने शिल्लक राहतो. चार कोपऱ्यांत चार सेन्सर असतील तर आणखी एक खूण मिळते: थरथर चारही सेन्सरना जवळपास एकसारखी जाणवते, बोट मात्र ज्या कोपऱ्याजवळ पडते तेथे जास्त. फोर्स आणि कपॅसिटिव्ह या दोघांनी एकाच जागी, एकाच वेळी ‘हो’ म्हटले तरच दाब मानायचा असे ठरवले तर खोटे दाब फारच कमी होतात. आपल्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सचे काम करणाऱ्या छोट्या युनिटांना हे जमण्यासारखे आहे. मागणी नाही म्हणून ते होत नाही, एवढेच.

प्रेससारख्या यंत्रात तर हादरा केव्हा येणार हे आधीच माहीत असते. क्रँकचा कोन रोटरी कॅम किंवा एन्कोडर या कोन सांगणाऱ्या उपकरणांमधून पीएलसीला कळतच असतो. धक्क्याच्या त्या तेवढ्या कोनात आलेल्या दाबाचा निर्णय काही मिलिसेकंद पुढे ढकलावा आणि धक्का ओसरल्यावरही बोट तेथेच असेल तर तो मान्य करावा. दाब टाकून देऊ नये, फक्त निकाल राखून ठेवावा.

आता हाताच्या आधाराबद्दल. चालू यंत्रावर काम करणाऱ्या अनुभवी ऑपरेटरकडे नीट पाहिले तर तो तर्जनी थेट स्क्रीनवर आणत नाही. आधी अंगठा पॅनलच्या खालच्या कडेला अडकवतो किंवा करंगळीची बाजू चौकटीवर टेकवतो, हात पॅनलबरोबर हलू लागला की मग बोट पुढे करतो. हात आणि काच एकत्र हलू लागल्या की नेमही चुकत नाही आणि दाबही तुटत नाही. त्याने हा उपाय स्वतःच शोधला आहे. आपण पॅनल डिझाइन करताना त्याला टेकायला जागा ठेवत नाही, उलट दिसायला सुबक म्हणून स्क्रीन पत्र्याशी सपाट बसवतो आणि महत्त्वाची बटणे मध्यभागी नेतो, जेथे अंगठा अडकवून तर्जनी पोहोचत नाही. स्क्रीनभोवती बोटभर उंचीची कड, खाली पकडायला दांडी आणि वारंवार लागणारी बटणे कडेलगत, एवढे केले तरी बराच फरक पडेल. बटण स्वतः हातमोज्यासाठी निदान २० मिलिमीटरचे असावे आणि दोन बटणांमध्ये मोकळी जागा असावी, असे माझे मत आहे. शिवाय बोट एकदा बटणावर टेकले की त्या बटणाची हद्द आतल्या आत चारी बाजूंनी काही मिलिमीटर वाढवावी, म्हणजे किंचित घसरले तरी दाब रद्द होणार नाही.

झुलत्या दांडीवर टांगलेल्या पेंडंटबद्दल (टांगत्या कंट्रोल पॅनलबद्दल) एवढेच सांगतो की रबरी माउंट लावले म्हणजे काम झाले असे नाही. माउंटची नैसर्गिक वारंवारता कंपनाच्या वारंवारतेच्या जवळ असेल तर कंपन वाढते. ते घटायला कंपनाची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेच्या १.४१ पटीच्या वर असावी लागते. आणि माउंट फार मऊ घेतले तर बोट लावताच पेंडंटच मागे पळतो.

मानकांबद्दल एक गैरसमज खरेदी विभागांत हमखास आढळतो. स्क्रीनच्या माहितीपत्रकात आयईसी ६११३१-२ किंवा आयईसी ६००६८-२-६ नुसार कंपनचाचणी उत्तीर्ण असे छापलेले असते आणि तेवढ्यावर समाधान मानले जाते. या चाचणीत साधारणपणे ५ ते ८.४ हर्ट्झपर्यंत ३.५ मिलिमीटरचा आणि तेथून १५० हर्ट्झपर्यंत १ जीचा हलावा दिला जातो आणि उपकरण त्यात टिकते का, चालू राहते का, हे पाहिले जाते. चाचणी उपयोगाचीच आहे. पण कंपनयंत्रावर बांधलेल्या त्या स्क्रीनला कोणी हातमोजा घालून बोट लावत नसते. स्क्रीन जिवंत राहणे आणि तिने माणसाचा दाब बरोबर ओळखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा दाखला दुसरीसाठी चालत नाही.

सुरक्षेच्या मुद्द्यावर मी तडजोड सुचवणार नाही. आपत्कालीन थांब्यासाठी आयएसओ १३८५० ला अभिप्रेत आहेत ती मशरूम बटणे, दोऱ्या, दांड्या, पायपट्ट्या अशी खरीखुरी उपकरणे. स्क्रीनवर रंगवलेला लाल गोल म्हणजे आपत्कालीन थांबा नव्हे. दोन हातांनी चालवायच्या नियंत्रणात दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली पाहिजेत हा निकष थरथरत्या काचेवर पाळला जाईल याची हमी कोणी देऊ नये. सर्वांत फसवे आहे ते जॉगचे, म्हणजे दाबून धरले तेवढाच वेळ यंत्र हलवण्याचे, बटण. स्क्रीनवर बोट टेकले की पीएलसीत एक बिट १ होते आणि उचलले की ० होते. मधल्या काळात बोट घसरून बटणाबाहेर गेले किंवा हादऱ्याने संपर्काची केबल सैल झाली, तर ० चा संदेश पोहोचतच नाही आणि स्लाइड किंवा कन्व्हेअर चालूच राहतो. मी हे एका ठिकाणी प्रत्यक्ष पाहिले आहे. तेथे कोणाला इजा झाली नाही, कारण हात आत नव्हता. स्क्रीनवरून जॉग द्यायचाच असेल तर बोट टेकलेले असेपर्यंत स्क्रीनने सतत बदलता आकडा पाठवत राहावे आणि तो पाव सेकंदात बदलला नाही तर पीएलसीने स्वतःहून हालचाल थांबवावी. तरीही माझी शिफारस खऱ्या बटणाचीच राहील. वाहनांच्या जगातही वारे त्याच दिशेने फिरले आहे: युरो एनकॅप या युरोपातील वाहनसुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या २०२६ पासूनच्या मूल्यांकनात इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे अशा मूलभूत गोष्टींसाठी खरी बटणे किंवा दांडे असण्याला महत्त्व दिलेले आहे. चाकणच्या परिसरात वाहने बनतात, त्यामुळे ही चर्चा आपल्याला परकी नाही. व्हायब्रेटरी रोलर किंवा ट्रॅक्टर यांवर स्क्रीन बसवणाऱ्यांनी तर याचा विचार आधी करायला हवा.

चाचणीची अट कशी लिहावी याविषयी माझा प्रस्ताव असा आहे. यंत्र कमाल वेगात आणि खऱ्या जॉबवर चालू असावे. दाबणारी व्यक्ती कारखान्याचा नेहमीचा ऑपरेटर असावा, त्याचे रोजचे हातमोजे घालून, आणि स्क्रीनवर त्या ठिकाणचेच तेल किंवा कूलंट असावे. सर्वांत लहान आणि पॅनलच्या सर्वांत हलत्या कोपऱ्यातले अशी दोन बटणे निवडावीत, प्रत्येकाचे ३०० दाब मोजावेत आणि पीएलसीमधल्या काउंटरशी ताडून पाहावेत. ३०० पैकी एकही चूक नसेल तर चुकीचे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. हजारात एकाच्या खाली हवे असेल तर ३००० दाब लागतील, आणि तेथे न्यूमॅटिक सिलिंडरला सिलिकॉनचे टोक लावून यांत्रिक बोट वापरायला हरकत नाही. फक्त ते पॅनलच्या चौकटीवर बांधू नये, जमिनीवरच्या स्वतंत्र स्टँडवर बांधावे, अन्यथा ते काचेबरोबरच हलेल आणि चाचणी खोटी उत्तीर्ण होईल. त्यानंतर कोणीही हात न लावता एक पूर्ण शिफ्ट यंत्र चालवावे आणि त्या काळात नोंदलेल्या दाबांची संख्या शून्य असावी. या सगळ्याला शिफ्टखेरीज साधारण एक तास लागतो.

यंत्रनिर्मात्यांना हा वाढीव खर्च वाटेल हे मी जाणतो, आणि एल-वनच्या, म्हणजे सर्वांत कमी दराच्या निविदेच्या, हिशेबात जो हा खर्च धरेल तोच मागे पडेल हेही खरे आहे. म्हणूनच हे पत्र खरेदी विभागांनाही उद्देशून आहे. अट सर्व निविदाधारकांना सारखी लागू असेल तर कोणाचेच नुकसान नाही. आपल्या उद्योजक संघटनांपैकी एखाद्या संघटनेने या चाचणीचा एक पानाचा मसुदा तयार करून सदस्यांना दिला, तर प्रत्येक कारखान्याला तो नव्याने लिहावा लागणार नाही. तसा मसुदा करण्यासाठी लागणारा वेळ आणि हाताशी असलेली प्रोग्रामची नमुना लॉजिक विनामूल्य देण्याची माझी तयारी आहे. वर दिलेल्या आकड्यांपैकी ८०–१०० मिलिसेकंद आणि २० मिलिमीटर हे दोन आकडे यंत्रागणिक बदलतील, त्यामुळे ज्यांच्याकडे स्वतःच्या यंत्रांवरची मोजमापे आहेत त्यांनी ती मसुद्यासाठी द्यावीत, ही विनंती.

कळावे.

आपला,
एक कंट्रोल्स अभियंता,
भोसरी, पुणे